गुर्द्यांची वही

ही वही चुकून कुणाच्या हाती लागलीच, तर आधीच हात जोडते. माझी शाळा चौथीपर्यंत. वेलांटी पहिली की दुसरी हे मी शब्दाच्या तोंडाकडे बघून ठरवते, आणि माझं अक्षर असं की दुसऱ्या दिवशी मलाच ते लावून वाचावं लागतं. मांडीवर वही ठेवून लिहिते, म्हणून ओळी उजवीकडे घसरतात. तेवढं सांभाळून घ्या.

या वहीची पुढची पानं आकड्यांनी भरली आहेत. ते आकडे बोकडांच्या गुर्द्यांचे आहेत, पुस्तकात मूत्रपिंड म्हणतात त्याचे. काम संपल्यावर वही माझ्याकडेच राहिली, आणि मागची पानं कोरी, ती फुकट जाऊ नयेत म्हणून हे लिहिते आहे. आणि खरं सांगायचं तर त्या दिवसांची आठवण आली की मला अजून एकटीलाच हसू फुटतं, ते कुठेतरी ठेवायला हवं.

बेलवलीत आमचं मटणाचं दुकान आहे. पुढे हे सुरी चालवतात. गल्ल्यावर सासूबाई बसतात, त्यांना मी आई म्हणते. मागे पत्र्याच्या आडोशाला मी. मुंड्या भाजायच्या, पाय साफ करायचे, वजडी म्हणजे आतडी-कोथळा धुवायचा. रोजच्या गिऱ्हाइकांपैकी निम्म्यांनी मला पाहिलेलंच नाही आणि मला तेच बरं वाटतं. परक्या माणसासमोर माझ्या तोंडून शब्द निघत नाही. मनात मात्र सारखं काहीतरी चाललेलं असतं, त्यातलं एखादं वर येतं आणि मी तोंडात पदर धरून हसते. शेजारच्या पिठाच्या गिरणीवाल्याने एकदा ह्यांना विचारलं होतं, "वहिनींची तब्येत ठीक आहे ना?"

गेल्या वर्षी गणपती उठल्यावर एका बुधवारी दुकानात एक मुलगी आली. पंचविशीची असेल. पाठीवर शाळेतल्यासारखी बॅग, पायात बूट.

"मावशी, गुर्दे आहेत का?"

"आहेत की. किती देऊ?" आई म्हणाल्या.

"सकाळपासून किती बोकड झाले?"

"तीन."

"मग तिन्हींचे द्या. पण प्रत्येकाची जोडी वेगळ्या पिशवीत. डावा कुठला, उजवा कुठला ते सांगा. वरची चरबी काढू नका. आणि बोकडांची वयं सांगा."

आईंनी चष्मा कपाळावर चढवला. "वयं कशाला? स्थळ बघतेस का?"

मी आडोशामागे वजडी बादलीत टाकली आणि पदर तोंडात कोंबला.

ती मुलगी अजिबात चिडली नाही. तिने नीट सांगितलं. ती जनावरांची डॉक्टर होती, साताऱ्याकडची, अंबरनाथला खोली घेऊन राहत होती. दिवसा उल्हासनगरच्या एका दवाखान्यात कुत्री-मांजरी तपासायची आणि वर तिचा पुढचा अभ्यास चालू होता. लहान करडाचा गुर्दा वयाबरोबर कसा वाढतो, किती लांब होतो, किती जड होतो, त्याचा बाहेरचा थर आधी जाड होतो की आतला गाभा, हे तिला मोजून काढायचं होतं. महिन्याच्या करडापासून वर्षाच्या बोकडापर्यंत. प्रत्येक वयाच्या ठरावीक, मिळून साठ जोड्या.

"आणि त्याचे सरकार पैसे देतं?" आईंनी विचारलं.

"थोडे देतं."

"माझा मुलगा वीस वर्षं गुर्दे काढतोय. त्याला कुणी छदाम दिला नाही."

अडचण एक होती. गुर्दा ताजा असतानाच मोजावा लागतो, पडून राहिला की सुकतो आणि वजन उतरतं. तिला फक्त रविवारी वेळ. आमच्याकडे बोकड कापले जातात ते मुख्यतः बुधवारी, शुक्रवारी आणि रविवारी, कारण बाकीचे वार आमच्या गिऱ्हाइकांचे देवाचे. म्हणजे बुधवार-शुक्रवारी कुणीतरी मोजणारं हवं होतं. ह्यांचे हात सुरीत. आई म्हणाल्या, मला बारीक आकडे दिसत नाहीत. मग त्यांनी मान मागे वळवली आणि मोठ्याने म्हणाल्या, "मागे एक आहे. बोलत नाही, पण आकडे लिहिते चांगले."

मला वाटलं, आता पत्रा फाडून पळून जावं. पण ती मुलगीच आत आली. खाली भाजलेल्या मुंड्या, धूर, मी उकिडवी बसलेली. ती माझ्यासमोर तशीच उकिडवी बसली आणि म्हणाली, "वहिनी, शिकवते. सोपं आहे."

सोपं नव्हतं, पण इतकं मजेचं काम मी आयुष्यात केलं नव्हतं. तिने उल्हासनगरच्या बाजारातून सोनाराकडे असतो तसा छोटा काटा आणला होता. ग्रॅमचा दहावा भाग दाखवणारा. दुसरं एक स्टीलचं चिमट्यासारखं माप होतं, गुर्द्याला दोन्हीकडून हलकेच धरायचं की खिडकीत आकडा उमटतो. आधी चरबी सोडवायची. ती पिंजलेल्या कापसासारखी असते. मग वरची पातळ साल नखाने उचलली की शेंगदाण्याच्या सालीसारखी सुटून येते आणि आत गुळगुळीत, तपकिरी, पावट्याच्या दाण्यासारखा बाकदार गुर्दा. लांबी, रुंदी, जाडी, वजन. डाव्याला लाल दोरा, उजव्याला पांढरा. मग मधोमध चिरायचा आणि आतली गडद पट्टी किती, फिकट किती ते मोजायचं. शेवटी औषधाच्या पाण्याच्या बरणीत, आणि बरणीला चिठ्ठी बांधायची.

ती गेल्यावर काट्याशी खेळायचा मोह मला आवरला नाही. मी लसणाची पाकळी तोलली. जोडवं तोललं. आईंच्या तपकिरीची चिमूट तोलली. ह्यांच्या शर्टाचं तुटलेलं बटण तोललं. माझा केस तोलला तर आकडा हललाच नाही, तेव्हा तीन केस तोडून ठेवले, तरी नाही. आई मागे येऊन उभ्या राहिल्या होत्या.

"टक्कल पडेपर्यंत तोलणार आहेस का?"

त्या मुलीला मी डॉक्टर म्हणायचे, ती मला वहिनी. पहिल्या रविवारी तिने मला मोबाइलवर एक फोटो दाखवला. गुर्द्याची पापुद्र्यासारखी चकती काढून, रंगवून, मोठी करून दिसते ती. गुलाबी रंगात भिजलेल्या साबुदाण्यासारखे गोल गोल ठिपके. तिने सांगितलं की त्या गाळण्या आहेत, रक्त गाळणाऱ्या. करडू जन्मतं तेव्हा त्या जवळपास सगळ्या तयार असतात. पुढे नवीन होत नाहीत, आहेत त्याच मोठ्या होतात.

मी बोलून गेले, "म्हणजे माझ्यासारखंच. चौथीत होती तेवढीच अक्कल, नुसतं अंग वाढलं."

डॉक्टर इतकी हसली की तिच्या हातातला गुर्दा बादलीत पडला. परक्या माणसाला मी हसवलं, हे मला इतकं नवीन होतं की त्या दिवशी मी दोनदा भाजी खारट केली.

एका जोडीचे ती मला तीस रुपये द्यायची, रोख. गुर्द्यांची किंमत वेगळी, ती आईंच्या गल्ल्यात जायची. तीस रुपये माझे. दिवाळीच्या आधी मी ते साठवून उल्हासनगरला गेले आणि टाचेच्या पिवळ्या चपला घेतल्या. सिंधी दुकानदार म्हणाला, "भाभी, चलके तो देखो." मी चालले आणि त्याच्याच स्टुलावर आपटले. तरी घेतल्या.

डॉक्टरने एक गोष्ट पहिल्याच दिवशी आईंना बजावली होती. तिच्यासाठी म्हणून एकही जनावर कापायचं नाही. दुकानात आलेलं आहे तेवढंच. एक-दोन महिन्यांची करडं कुणी कापत नाही, ती मिळायची बारवी धरणाकडून, माझ्या माहेरून. थंडीने किंवा पडून-झडून एखादं गेलं की भाऊ फोन करायचा. तो फोन आला की माझं हसू थोडा वेळ बंद व्हायचं. तळहातावर मावणारा तो गुर्दा मी दोन्ही हातांनी धरायचे.

तर आता माझी चूक.

आमच्या दुकानात एक नियम आहे, तो सासरे होते तेव्हापासूनचा. गिऱ्हाइकाला नमतं द्यायचं. पारडं गिऱ्हाइकाच्या बाजूला झुकलंच पाहिजे. आता काटा इलेक्ट्रिकवर चालतो, झुकत नाही, तरी हे किलो भरला की वर एक तुकडा टाकतात. बरोबर किलो देणं म्हणजे कंजूषपणा, आईंच्या भाषेत 'कोरडं वजन'. लग्न होऊन आले तेव्हा पहिली शिकवण मला हीच मिळाली. खरेदी करताना काट्यावर दिसेल ते, विकताना नमतं.

डॉक्टर आमची गिऱ्हाईक होती. वही तिला द्यायची होती. काट्यावर अठरा पूर्णांक तीन आलं की मी वहीत एकोणीस लिहायचे. बावीस पूर्णांक आठ आलं की तेवीस. मला त्यात काही चुकतंय असं एकदाही वाटलं नाही. उलट बरं वाटायचं. एवढ्या लांबून येते, बिचारीला कोरडं वजन कसं द्यायचं!

आणि डॉक्टरची गोष्ट अशी होती की फेब्रुवारीच्या शेवटी तिला तिच्या सरांपुढे सगळे आकडे ठेवायचे होते. सर कडक. आकडे पटले तर पुढचं विद्यावेतन, नाही पटले तर अभ्यास तिथेच थांबणार आणि खोली सोडून ती गावी परत जाणार. हे तिने मला एकदा गुर्दा चिरता चिरता सांगितलं होतं, अगदी सहज, पण चिरताना तिचा हात थांबला होता.

जानेवारीतल्या एका रविवारी ती दुकानात आली ती जवळजवळ पळतच. दुकानात गर्दी होती. तिने बॅगेतून कागद काढले.

"मावशी, दादा, मला एक सांगा. तुमच्याकडे बुधवार-शुक्रवारी येणारे बोकड वेगळ्या ठिकाणचे असतात का?"

"सगळे एकाच व्यापाऱ्याचे," हे म्हणाले. "का?"

"बुधवार-शुक्रवारचे गुर्दे रविवारच्या गुर्द्यांपेक्षा जड आहेत. प्रत्येक वयात. अर्धा-पाऊण ग्रॅम. लहान करडांमध्ये तर चांगलाच फरक दिसतो. लांबी तीच, रुंदी तीच, पण वजन जास्त!"

दुकानात प्रत्येकाला कारण सुचलं.

आई म्हणाल्या, "रविवारचं बोकड घाबरलेलं असतं. एवढी गर्दी बघून कुणाचंही वजन उतरेल."

हे म्हणाले, "तसं नाही. रविवारी आपण पहाटेच कापतो, जनावर पाणी प्यायलेलं नसतं. बुधवारी निवांत, पोटभर पाणी पितं. गुर्द्यात पाणी असणारच."

रांगेत एक काका होते. अंबरनाथच्या कारखान्यातून रिटायर झालेले, दर रविवारी अर्धा किलोवर दोन गुर्दे फुकट मागणारे. डॉक्टर यायला लागल्यापासून त्यांचे गुर्दे बंद झाले होते आणि तिच्यावर त्यांचा राग होता. ते पुढे सरसावले. "चाळीस वर्षं गुर्दे खातोय मी. बुधवारचा गुर्दा भरलेला लागतो. हे मी पहिल्याच दिवशी सांगितलं असतं. पण मला विचारतंय कोण? माझे गुर्दे पळवतात आणि मग कागदावर शोध लावतात!"

"काका, तुम्ही बुधवारी कधी येता?" आईंनी विचारलं. "बुधवारी तुमची बायको तुम्हाला उपास करायला लावते."

सगळं दुकान हसलं. डॉक्टर ह्यांच्याकडे बघत होती, डोळे चमकत होते. "दादा, पाण्याचं तुम्ही म्हणता ते असू शकतं. पाणी प्यायलेल्या आणि न प्यायलेल्या पिल्लांच्या गुर्द्यांतला फरक. हे नवीन आहे! सरांना बुधवारीच दाखवते."

मी आडोशामागे उभी होते. अर्धा-पाऊण ग्रॅम. माझ्या हातात बोकडाचा पाय होता, तो तसाच राहिला. मला सगळं कळलं आणि कळल्याबरोबर, लाज वाटते सांगायला, मला हसू आलं. भीतीने येतं तसलं. गरीब बिचाऱ्या बोकडांनी पाणी प्यायलं होतं की नाही यावर दुकानात भांडण चाललं होतं, आणि ते पाणी मीच वहीत ओतलेलं होतं.

पण गर्दीसमोर बाहेर जाऊन बोलायचं? माझ्याने झालं नाही. डॉक्टर गेली. बुधवारी ती हे सरांना सांगणार होती.

सोमवारी दुकान बंद असतं, आणि कागद मांडायला डॉक्टरने त्या दिवशी रजा घेतल्याचं मी ऐकलं होतं. मी आईंना म्हटलं, डॉक्टरची पेन्सिल राहिली आहे, देऊन येते. आईंनी माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. "पेन्सिल द्यायला पिवळ्या चपला?" पण जाऊ दिलं. शेअर रिक्षाने अंबरनाथला गेले, पत्ता चिठ्ठीवर होता, तो विचारायची वेळ येऊ नये म्हणून तीन गल्ल्या उगाच चालले. एकटी कुणाच्या घरी जायची ही माझी पहिली वेळ.

दार उघडलं तेव्हा तिच्या डोक्याला टॉवेल होता. "वहिनी! तुम्ही? या ना!"

मी उंबऱ्यातच म्हणाले, "बोकडांनी पाणी प्यायलेलं नाही."

"काय?"

"मी नमतं दिलं."

मग मला बसवून, पाणी देऊन तिने एकेक गोष्ट विचारून घेतली. मी खाली बघून उत्तरं देत गेले.

"अठरा पूर्णांक तीनचं किती लिहिलं?"

"एकोणीस."

"म्हणून सगळीकडे पूर्ण आकडे! मला वाटलं तुमच्या काट्याची बॅटरी उतरली की तो दशांश दाखवत नाही. मी दोनदा बॅटरी बदलली, वहिनी!"

"हो. मला वाटलं, तुम्हाला बॅटरीची आवड आहे."

"आणि काट्यावर बरोबर अठराच आलं तर?"

"तर एकोणीस."

"का पण?"

"बरोबर अठरा कसं द्यायचं?"

तिने चेहऱ्यावर टॉवेल ओढून घेतला. खांदे हलायला लागले. मला वाटलं, रडते आहे, एवढ्या महिन्यांचं काम बुडालं हिचं. मी हात जोडून उठले. टॉवेल खाली आला तर ती हसत होती, डोळ्यांतून पाणी, आवाज फुटत नव्हता. ते बघून मलाही आवरेना. आम्ही दोघी जमिनीवर बसून हसलो. मध्येच ती गंभीर होऊन म्हणायची, "पण वहिनी, मी आता काय करू?" आणि मी म्हणायचे, "काय करायचं?" आणि पुन्हा सुरू. घरमालकीण येऊन बघून गेली.

मग खरंच हसू संपलं. ती पलंगावर बसली. "बुधवार-शुक्रवारच्या एकोणचाळीस जोड्या आहेत. त्या काढल्या तर उरतात एकवीस. त्यावर सर उभं करणार नाहीत मला. महिन्याभरात त्या त्या वयाचे एवढे गुर्दे कुठून आणू? परत जावं लागेल."

मी म्हटलं, "खरं वजन हवंय ना? ते आहे की. चिठ्ठीवर."

"कुठल्या चिठ्ठीवर?"

"बरणीच्या. माल घेतला त्याची चिठ्ठी. तिच्यावर काट्यावर दिसेल तेच लिहायचं. वही द्यायची असते, चिठ्ठी मालाची असते."

तिला कळायला थोडा वेळ लागला. खरेदीचं वजन वेगळं आणि विक्रीचं वेगळं, हे आमच्या दुकानात जन्म काढलेल्या माणसाला सांगावं लागत नाही. तिने तर चिठ्ठीवर फक्त नंबर लिहायला सांगितला होता, वजन मी माझ्या मनाने लिहीत होते, खाली बारीक अक्षरात. तिने ते कधी वाचलंच नव्हतं. ती किंचाळली, पलंगाखाली शिरली आणि तिथून एकेक बरणी माझ्याकडे सरकवायला लागली. हो, गुर्दे तिच्या पलंगाखाली होते. चार महिने ती त्यांच्यावर झोपत होती.

मी चिठ्ठी वाचायचे, ती लिहायची. अठरा पूर्णांक तीन. बावीस पूर्णांक आठ. आकडा मोठ्याने म्हणताना माझा आवाज मलाच ओळखू येईना, इतका मोठा निघत होता. दुपारचे चार वाजले. पंचवीस जोड्यांच्या चिठ्ठ्या स्वच्छ निघाल्या. उरलेल्या चौदांवर निळा डाग होता, बाकी काही नाही. मध्यंतरी पेन्सिल हरवली होती तेव्हा मी बॉलपेनने लिहिलं होतं, आणि औषधाचं पाणी झिरपून शाई पसरली होती.

"चौदा," ती म्हणाली. "सेहेचाळीस आहेत. सर म्हणतात, साठ म्हणजे साठ. पण चौदा मिळतील, वहिनी. मिळतील ना?"

"मिळतील," मी म्हटलं. "पण त्या चौदांचे पैसे मी परत देणार."

"कसले पैसे?"

"मोजणीचे. माल खराब निघाला की पैसे परत, हे आमच्याकडे असतंच. चौदा त्रिक बेचाळीस. चारशे वीस."

ती नाही म्हणाली, पाया पडते म्हणाली, रागावली. मी एरवी कुणाशी वाद घालत नाही, म्हणून त्या दिवशी मला स्वतःचंच नवल वाटलं. पण तिचं अख्खं वर्ष पणाला लागलं होतं आणि मी त्यात पाणी ओतलं होतं, ते तीस-तीस रुपये पायात घालून मी मिरवत होते. मला ते चालणार नव्हतं. फक्त एकच होतं, माझ्याजवळ चारशे वीस रुपये नव्हते. चपलांचे गेले होते, आणि ह्यांच्याकडे मागितले तर सगळं सांगावं लागलं असतं.

मग आमचं असं ठरलं. नवीन जोडी मोजली की ती मला तीस रुपये देणार आणि तेच तीस मी तिला परत करणार.

तिने पाण्याचा शोध मागे घेतला. सरांना अजून सांगितलाच नव्हता म्हणून मागे घेणं सोपं गेलं. फेब्रुवारी अखेरपर्यंतची मुदत मात्र तीच राहिली. आता बुधवारी, शुक्रवारी हे एखाद-दुसरा बोकड संध्याकाळच्या गिऱ्हाइकासाठी ठेवायचे, आणि दवाखान्यातून लवकर निघून ती धावत दुकानात यायची आणि मी मोजलेलं लगेच पुन्हा मोजायची. दोन्ही आकडे जुळले की चिठ्ठीवर बरोबरची खूण करायची. सगळे जुळले. काट्यावर दिसेल ते वहीत लिहिताना पहिले काही दिवस माझा हात अडायचा, वाटायचं आपण कुणाला तरी फसवतोय.

मग पैशांचा सोहळा. ती पाकिटातून वीसची आणि दहाची नोट काढायची. मी घ्यायचे, कपाळाला लावायचे आणि तिला परत द्यायचे. ती घ्यायची आणि पाकिटात ठेवायची. पुढच्या वेळी पुन्हा त्याच नोटा. दहाच्या नोटेच्या कोपऱ्यावर हळदीचा डाग होता, त्यामुळे मला ती ओळखू यायची. तिसऱ्या-चौथ्या वेळी आम्हाला हे करताना हसू आवरेना. आईंनी गल्ल्यावरून बघितलं.

"काय गं, या वयात भातुकली खेळता दोघी?"

"हिशोब आहे, मावशी," डॉक्टर म्हणाली.

"असला हिशोब मी पन्नास वर्षांत पाहिला नाही. आणि ती नोट बदला. फाटेल."

शेवटच्या आठवड्यात दोन जोड्या कमी पडत होत्या आणि त्या लहान करडांच्या होत्या. कुणाचं करडू मरावं असं मी मनात आणू शकत नव्हते. नंतर भावाचा फोन आला. शेजाऱ्याच्या शेळीला महिन्यापूर्वी तिळं झालं होतं, त्यातली दोन अशक्त करडं रात्रीतून गेली. तो स्वतःच डबा घेऊन बारवीकडून आला. गुर्दे इतके लहान होते की चिमट्याचं माप लावताना डॉक्टरने श्वास रोखला. मी आकडा वाचला, तिने वाचला. एकच आला.

ती साठ जोड्या घेऊन सरांकडे गेली. त्या दिवशी मी तीनदा मुंड्या करपवल्या. दुपारी ह्यांचा फोन वाजला, ह्यांनी आडोशामागे आणून माझ्या कानाला लावला.

"वहिनी, पटले! सरांनी विचारलं, बुधवार-शुक्रवारचं कुणी मोजलं? मी म्हटलं, माझ्या वहिनींनी. म्हणाले, हात स्थिर आहे त्यांचा."

मी जोरजोरात मान हलवली. ह्यांनी फोन घेतला आणि म्हणाले, "ऐकतेय ती. मान हलवतेय."

त्या शुक्रवारी ती पेढे घेऊन आली. काकाही त्या दिवशी रविवारची वाट न बघता रांगेत होते. आईंनी त्यांना दोन पेढे दिले आणि गुर्दे दोन, सहा महिन्यांचे तुंबलेले. काकांनी गुर्द्यांकडे बघून विचारलं, "शुक्रवारचे आहेत ना? मग जड असतील."

डॉक्टर आत आली. चौदाव्या जोडीचे पैसे राहिले होते, धावपळीत द्यायचे विसरलो होतो. तिने वीसची आणि दहाची नोट काढली आणि माझ्या हातात दिली. मी त्या कपाळाला लावल्या आणि तिच्या हातात ठेवल्या. तिने या वेळी त्या पाकिटात टाकल्या नाहीत. नीट मोजल्या, घडी केली आणि बॅगेच्या आतल्या कप्प्यात ठेवून चेन लावली. मग वही उघडली आणि शेवटच्या जोडीपुढे तिच्या सुरेख अक्षरात लिहिलं: चारशे वीस रुपये पूर्ण मिळाले.